ठिकाण: माहीत नाही

श्यामराव लांजेवारांबद्दल आमच्या कॉलेजात कोणी बरं बोललं की माझं डोकं फिरतं. “बड़ा सीधा आदमी था,” म्हणतात. सीधा म्हणजे काय, तर छत्तीस वर्षं लॅबमध्ये झाडू मारला, बीकर विसळले, साहेबांना चहा आणून दिला आणि कधी उलटून बोलला नाही. बस्स. रायपूरच्या आसपासच्या अळंब्यांचा या माणसाने जेवढा अभ्यास केला, तेवढा आमच्या विभागातल्या पाच पीएच.डी.वाल्यांनी मिळून केला नसेल. हे त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक होतं, आणि त्या अभ्यासाची माती मीच केली. तेव्हा हे लिहायचं तर मीच लिहायला हवं.

मी देवश्री खानझोडे, मूळची नागपूरची. २००४ साली रायपूरच्या या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला आले आणि समता कॉलोनीत भाड्याने राहू लागले. राज्य होऊन चार वर्षं झाली होती. ज्याला त्याला राजधानीची नवी नवी नवलाई. पानठेल्यालासुद्धा ‘राजधानी पान पॅलेस’ अशी पाटी. पहिल्या दिवशी लॅबमध्ये शिरले, तर खाकी शर्टातला एक काटकुळा माणूस स्टुलावर चढून कपाटात डांबरगोळ्या टाकत होता. मी हिंदीत काही विचारलं, तर त्याने वळून माझ्याकडे निरखून पाहिलं.

“मॅडम, तुमी नागपूरकडच्या का?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“हिंदी बोलून राहिल्या पन मराठी लपत नाही,” ते म्हणाले आणि खाली उतरून त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली.

श्यामरावांचे वडील भंडाऱ्याहून रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला आले आणि गुढियारीत राहिले. श्यामराव तिथेच वाढले, मॅट्रिकला दोनदा आपटले आणि वडिलांनी ओळख काढून त्यांना कॉलेजात लॅब अटेंडंट म्हणून चिकटवलं. तिथे त्यांना दिवाकर सर भेटले. दिवाकर सर बुरशीतज्ज्ञ होते आणि विभागात त्यांना कोणी विचारत नसे, कारण बुरशी म्हणजे लोणच्यावर येते ती, एवढीच बाकीच्यांची समज. सरांना ओझं उचलायला माणूस हवा होता. श्यामरावांनी आधी ओझं उचललं आणि मग हळूहळू सगळंच उचललं. अळंबी मुळापासून कशी काढायची, तिच्या टोपीखालच्या पात्या कशा मोजायच्या, कागदावर उपडी ठेवून तिच्या बीजाणूंचा ठसा कसा घ्यायचा, मंद आचेवर कशी वाळवायची, हे सगळं ते बघून बघून शिकले.

सरांचा एकच नियम होता. जे पाहिलं ते त्याच दिवशी लिहायचं. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलं तर ती गोष्ट होते, नोंद होत नाही. हा नियम श्यामरावांनी मला निदान पन्नास वेळा ऐकवला असेल आणि प्रत्येक वेळी सरांसारखं बोट वर करून.

आता कोसमभाठ्याबद्दल सांगायला हवं, कारण त्या माणसाचा जीव तिथे अडकला होता. भाठा म्हणजे लाल मुरमाची उजाड जमीन. तेलीबांध्याचा तलाव ओलांडून पूर्वेकडे सायकलीने तास-दीड तास गेलं की हा भाठा लागायचा. धान होत नाही म्हणून गावाने तो तसाच सोडलेला. चार-सहा कोसमाची झाडं आणि चाळीसेक वारुळं. छत्तीसगढीत वारुळाला भिंभोरा म्हणतात आणि अळंबीला फुटू. श्यामराव दोन्ही शब्द वापरत, पण लाडात आले की भंडाऱ्याकडचा शब्द काढत: सात्या. वाळवीच्या वारुळावरच उगवणारी ही अळंबी शेतात लावता येत नाही की टोपलीत पिकवता येत नाही. वाळवी आत बुरशी पोसते, बुरशी वाळवीला पोसते, आणि दोघांचं नीट चाललं असेल तर भादव्यात वर छत्र्या येतात. गावच्या बायका त्या खुडायला यायच्या, पण वारूळ खणायच्या नाहीत आणि फुललेल्या छत्र्यांना हात लावायच्या नाहीत. कळ्याच तेवढ्या खुडायच्या, हा त्यांचा रिवाज.

या भाठ्यावर नेहमीच्या सात्यांबरोबर एक बोटभर उंचीची, राखेच्या रंगाची, गुलाबी पायाची, म्हणजे देठाची, सात्या यायची. भादव्यात फक्त तीन-चार दिवस. दिवाकर सरांना ती कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. “दहा-बारा वर्षं सलग गोळा केली तर काही म्हणता येईल,” असं ते म्हणाले आणि १९८६ साली निवृत्त होऊन निघून गेले. पुढे कधीतरी वारले. श्यामरावांना मात्र कोणी सांगितलं नाही की हे काम आता बंद. ते दर पावसाळ्यात जात राहिले. बावीस वर्षं. रविवारी, सुट्टीत, स्वतःच्या सायकलीवर. बायको वनमाला वैतागून म्हणायची, “लग्न त्या भिंभोऱ्याशीच करायचं होतं ना.”

त्यांची पद्धत अशी. विभागाचं रजिस्टर इंग्रजीत लिहायचं असे आणि सर गेल्यावर त्याला कोणी हात लावला नव्हता. श्यामरावांचं इंग्रजी कच्चं. म्हणून त्यांनी स्वतःची वाट काढली. नागपूरहून दुपारच्या गाडीने मराठी पेपर येई, तो ते स्टेशनवरून घेत. त्या दिवशी गोळा केलेली अळंबी त्याच दिवशीच्या पेपरात बांधायची. तारीख वर छापलेलीच. बाजूच्या कोऱ्या पट्टीवर पेन्सिलीने ठिकाण, कितवं वारूळ, पाऊस किती दिवस झाला, ताजेपणी रंग कसा होता, वास कसा होता. आत एका चिठ्ठीवर सरांच्या यादीतून एकेक अक्षर बघून उतरवलेलं लॅटिन नाव. त्या बिननावाच्या सात्यांच्या चिठ्ठीवर नुसतं ‘सात्या, राखी’. अशा अकराशे चाळीस पुड्या दोन लोखंडी कपाटांत रचलेल्या होत्या. पैकी दोनशेच्या वर एकट्या कोसमभाठ्याच्या.

एखाद्याने विचारावं की हे सगळं मला आधी माहीत होतं का. पुड्या बांधतात हे माहीत होतं. भाठ्यावर मी त्यांच्याबरोबर दोनदा गेलेही होते. पण पुडीचा कागद हीच नोंद आहे, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तारखा त्यांच्या कुठल्यातरी वहीत असतील, असं मी धरून चालले होते. मी ऊतिसंवर्धनवाली. माझं सगळं काम काचेच्या बाटल्यांत, स्वच्छ, पांढरं. शिपायाने पेपरात काय बांधलंय ते उघडून वाचावं, असं माझ्या डोक्यातही आलं नाही. खरं सांगायचं तर ती शिक्षणाची मिजास होती.

२००७ पासून नव्या राजधानीची आखणी भाठ्यापर्यंत पोचली. चुना मारलेले दगड आले. श्यामराव अस्वस्थ झाले. त्यांनी पत्रं लिहिली नाहीत की मोर्चा काढला नाही, ते त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते रोज मला विचारायचे, “मॅडम, कोनाले सांगावं लागते?” शेवटी मी चौकशी केली. आराखड्यात काही जागा मोकळ्या सोडायच्या होत्या आणि त्या सुचवायला एक समिती नेमली होती. समितीत गौतम नावाचे बाहेरगावचे एक बुरशीतज्ज्ञ होते. मी त्यांना फोन केला. ते चांगले उत्साहाने बोलले. म्हणाले, एकाच जागेचे वीस वर्षांचे नमुने, तारखांसकट? तसं असेल तर तो दहा एकरांचा तुकडा मी वाचवून दाखवतो. डिसेंबरात येतो, नमुने काढून ठेवा.

मी ते श्यामरावांना सांगितलं, तर ते खुर्चीतच बसले. माझ्यासमोर ते पहिल्यांदाच बसले असतील.

“सगळं आहे मॅडम. एक बी भादवा सुटला नाही,” ते म्हणाले, आणि डोळे पुसायला लागले.

आता माझी करामत ऐका.

२००८ च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती आणि श्यामरावांना निवडणुकीची ड्यूटी लागली. अठराला गेले ते एकवीसला येणार होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या मूल्यांकनासाठी पथक येणार होतं. प्राचार्य दर तासाला चक्कर मारत. कपाट उघडून त्यांनी त्या पिवळ्या पडलेल्या पुड्या बघितल्या आणि नाकाला रुमाल लावला. “मैडम, अब हम राजधानी के कॉलेज हैं। ये कबाड़ी की दुकान लग रही है।”

मला वाईट वाटलं. श्यामरावांच्या कामाला कबाड म्हणतात, याचं वाईट वाटलं. म्हणून मी ठरवलं की त्यांचं काम असं मांडायचं की प्राचार्यांचे डोळे दिपले पाहिजेत. गौतम सरांनाही छान दिसेल. चार विद्यार्थिनी बसवल्या. जाड पांढरी पाकिटं आणली. पुडी उघडायची, वाळलेली अळंबी आणि आतली चिठ्ठी पाकिटात घालायची, वर नाव छापलेली पट्टी चिकटवायची. एकोणीस आणि वीस, दोन दिवसांत अकराशे चाळीस पाकिटं झाली. नावांप्रमाणे लावली. श्यामराव आल्यावर किती खूश होतील, याची मी मनात चित्रं रंगवत होते.

एका पोरीने विचारलंही होतं, “मैम, इन पेपर पर कुछ लिखा है।” मी कागद हातात घेतला. ‘सातवा भिंभोरा, पाऊस चार दिवस, वास ओल्या कण्यांचा.’ पेपर मराठी, अक्षर मराठी, आणि त्या खोलीत मराठी घरातली मी एकटी. मला वाटलं, हा माणूस काहीबाही लिहीत बसतो. मी म्हटलं, “रद्दी में डाल दो।” संध्याकाळी रद्दीवाला सहा पोती घेऊन गेला.

एकवीसला दुपारी श्यामराव आले. मी त्यांना हाताला धरून कपाटापाशी नेलं आणि दार उघडलं. त्यांनी एक पाकीट काढलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. दुसरं काढलं. मग शांतपणे विचारलं, “मॅडम, कागद कुठं आहेत?”

मी सांगितलं.

त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी पाकीट जागेवर ठेवलं, कपाटाचं दार लावलं, कडी घातली आणि सायकल काढून निघून गेले. कागद म्हणजेच सगळी नोंद होती, हे मला दुसऱ्या दिवशी वनमालाबाईंकडून कळलं. मी घरी गेले होते. श्यामराव घरी नव्हते. त्यांची मुलगी पिंकी दारात उभी राहून म्हणाली, “पापा सुबह से रद्दी वालों के यहाँ घूम रहे हैं।” वनमालाबाईंनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, “पोट्टीच्या बारशाले बी हा मानूस भाठ्यावर होता, बाई. आता का करायचं सांगा.”

श्यामराव आठ दिवस गुढियारीतल्या रद्दीच्या गोदामांत आणि पुड्या बांधणाऱ्या किराणावाल्यांकडे हिंडले. एकोणीस कागद मिळाले. एकावर तेलाचा डाग होता आणि एकात अजून फुटाणे होते. पाच कागद कोसमभाठ्याचे निघाले. ते त्यांनी माझ्या टेबलावर मांडले आणि हाताने इस्त्री केल्यासारखे सपाट केले.

दरम्यान पथक येऊन गेलं. संग्रहाबद्दल त्यांनी खास शेरा लिहिला: नीटनेटका आणि अनुकरणीय. कॉलेजला वरची श्रेणी मिळाली. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या, आणि मी उभी राहून त्या घेतल्या.

गौतम सर यायला चार दिवस राहिले तेव्हा मी श्यामरावांना लॅबमध्ये थांबवून घेतलं. त्या राखी सात्यांची पाकिटं टेबलावर ओतली. सव्वाशेच्या आसपास असतील.

“श्यामराव, तुम्ही या बावीस वर्षं हाताळल्यात. बघून सांगता येईल की नाही, कुठली कधीची?”

त्यांनी एक उचलली. उजेडात धरली. “हे नव्व्यान्नवची असंन. त्या साली पाय वाकडे आल्ते.” दुसरी उचलली. “हे सातव्या भिंभोऱ्याची. मुरूम पाहा ना, किती लाल.”

“मग झालं तर! तुम्ही सांगा, मी लिहिते. पाच कागद खरे आहेतच. बाकीचे जुन्या रद्दी पेपरांवर पुन्हा लिहू. जुने पेपर मी मिळवते.”

“असंन म्हन्लं मी, मॅडम.”

“श्यामराव, तुम्हाला माहीत आहे!”

“मले वाटते. माहीत नाही.” त्यांनी ती वाळकी सात्या जपून पाकिटात ठेवली. “वाटते अन् माहीत आहे, यात फरक आहे. सर म्हनत, आठवून लिवलं का ते गोष्ट होते.”

मी चिडले. हो, मी. ज्या बाईने त्यांचं सगळं रद्दीत घातलं तीच बाई त्यांच्यावर ओरडली. म्हटलं, तुमचे सर मेले. तुमच्या या सोवळेपणापायी उद्या तिथे बुलडोझर फिरेल. कोणाला फसवायचं नाहीये, जे खरंच घडलं तेच लिहायचंय. चाळीस वारुळं जगतील की तुमचा नियम, ते ठरवा.

मला वाटलं, आता पेन्सिल घेतील. मी ती पुढेही सरकवली.

“मॅडम, एक खोटं लिवलं का खरे पाच कागद बी खोटे होतात,” ते म्हणाले. “माह्यापाशी दुसरं काही नोहतंच. तेवढंच होतं.”

गौतम सर आले. त्यांनी पाकिटं पाहिली, कागद पाहिले. कागद होते पण कुठला नमुना कुठल्या कागदाचा ते सांगता येईना. नमुने होते पण ते कुठले आणि कधीचे ते कोणी म्हणू शकेना. त्यांनी श्यामरावांनाच विचारलं. श्यामराव म्हणाले, “मुझे लगता है साहब, मगर मालूम नहीं।” गौतम सर म्हणाले, समितीपुढे मी काय ठेवू? एका भादव्याचे ताजे नमुने तरी द्या. भादव्याला नऊ महिने होते. त्यांचा अहवाल जानेवारीत जायचा होता आणि तो कोसमभाठ्याशिवाय गेला.

मे महिन्यात भाठा सपाट झाला. श्यामराव बघायला गेले होते. वारूळ फोडलं की आत बुरशीची मऊ, करडी घरं दिसतात. ती उन्हात पडली होती आणि कावळे वाळवी टिपत होते, एवढंच त्यांनी मला सांगितलं. आता तिथे बगीचा आहे. बगीच्यात मुलांना बसायला सिमेंटच्या अळंब्या केल्या आहेत, लाल, वर पांढरे ठिपके. तसली अळंबी छत्तीसगढमध्ये कोणाच्या बापाने पाहिलेली नाही.

श्यामरावांची नोकरी संपायला वर्ष होतं. त्या वर्षी भादव्यात ते कुठेही गेले नाहीत. स्टेशनवरून पेपर आणणंही सोडलं. पण दुपारी काम आटोपलं की पांढऱ्या पाकिटांचा एक गठ्ठा काढून स्टुलावर बसायचे आणि पेन्सिलीने काहीतरी लिहायचे. मला वाटलं, शेवटी माणूस आठवून लिहायला लागला. मनातून बरं वाटलं. उशिरा का होईना.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला कपाटाच्या किल्ल्या दिल्या. दार उघडून म्हणाले, “पाहून घ्या मॅडम. तुमच्या ताब्यात देऊन राहिलो.”

मी पाकीट काढलं. वर माझी छापील पट्टी, त्याखाली त्यांचं ते बारीक अक्षर. ‘ठिकाण: माहीत नाही. दिवस: माहीत नाही. वारूळ अथवा झाड: माहीत नाही.’ दुसरं काढलं, तेच. मधलं एक काढलं, तेच. अकराशे चाळीस पाकिटांवर तीनतीनदा लिहिलं होतं. मधूनच कुठे कंटाळून ‘वरीलप्रमाणे’ म्हणूनसुद्धा लिहिलं नव्हतं. सापडलेले एकोणीस कागद वेगळ्या गठ्ठ्यात बांधले होते. त्यावर लिहिलं होतं: ‘नमुना कोणता, माहीत नाही.’

“हे काहून केलं, श्यामराव?” मी रडत होते आणि मला माझ्या माहेरची बोली फुटली होती.

“उद्या कोनी शिकलेला येईन अन् याच्यावर भरवसा ठेवीन. त्याले समजलं पाह्यजे ना.”

मग त्यांनी पाकिटाच्या तळाशी सोडलेल्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे फक्त सुरुवात केली होती: ‘पाकीट बदललं:’

“नमुना एका पाकिटातून दुसऱ्यात गेला का कोनी बदललं अन् कधी, ते लिवा लागते. सरांचा नियम आहे. मी नोहतो तवा, म्हून मले लिवता येत नाही.” त्यांनी खिशातली पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. आवाजात राग नव्हता. एखाद्या नवख्या विद्यार्थ्याला शिकवावं तसं ते सांगत होते. “ते तुमाले माहीत आहे.”

दुसऱ्या दिवशी हारतुरे झाले, भाषणं झाली, बड़ा सीधा आदमी झालं. मी भाषण केलं नाही. मी लॅबमध्ये स्टुलावर बसून लिहीत होते: देवश्री खानझोडे, १९ नोव्हेंबर २००८.